ओळखपत्र कुठं दाखवायचं? ऊसतोड कामगारांच्या कार्डावर संशोधन करण्याआधी

गेल्या महिन्यात एका ज्युनिअरनं त्याचा सिनॉप्सिस वाचायला दिला. समाजशास्त्राचा मुलगा, पेट पास झालेला, आरआरसी तोंडावर आलेली. शीर्षक असं: ‘नांदेड व लातूर जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांसाठीच्या ओळखपत्र योजनेचे मूल्यमापन’. सोबत म्हणाला, “ताई, तुमचा विषय मासे आहे हे माहितीय मला, पण सॅम्पलिंगचं तेवढं बघा.”

विषय एक नंबर आहे, हे आधीच सांगते. आपल्या मुखेड, कंधार, लोह्याकडून आणि लातुरात जळकोट, अहमदपूरकडून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. गावंच्या गावं अर्धी रिकामी होतात. त्या माणसांच्या हातात सरकारनं एक कार्ड द्यायचं ठरवलं आणि त्याचं काय झालं हे कुणीतरी नीट बघायला पाहिजे. अडचण सिनॉप्सिसच्या दुसऱ्या पानावर सुरू झाली. उद्दिष्ट पहिलं: किती टक्के कामगारांना ओळखपत्र मिळालं. उद्दिष्ट दुसरं: लाभार्थी समाधानी आहेत का. नमुना: दहा गावं, दोनशे कामगार, ‘सोयीनुसार’. असे सिनॉप्सिस मी बरेच पाहिले. योजनेचं नाव फक्त बदलतं. म्हणून त्याला जे सांगितलं ते इथं सगळ्यांसाठी लिहिते. त्याची परवानगी घेतलीय, आणि हे मुद्दे आरआरसीत आपले म्हणून मांडायलाही माझी हरकत नाही.

आधी योजना. सप्टेंबर २०२१ मध्ये राज्याच्या सामाजिक न्याय विभागानं ठरवलं की ऊसतोड कामगारांचं गावोगाव सर्वेक्षण करायचं, त्यांची नोंदणी करायची आणि त्यांना ओळखपत्र द्यायचं. काम ग्रामसेवकाकडं. (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात सगळे ग्रामसेवकच म्हणतात.) अट मुख्य म्हणजे सलग तीन किंवा जास्त वर्षं ऊसतोडीचं काम केलेलं असावं. मागं लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागं १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे, अशी त्याच्या पैशाची रचना आहे. त्याच वर्षी संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ८२ वसतिगृहं जाहीर झाली, ४१ तालुक्यांत. त्यात नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्हे आहेत. म्हणजे कार्ड ही नुसती शोभेची वस्तू नाही. ‘हा ऊसतोड कामगार आहे’ हे एकदा कागदावर आलं की लेकराच्या वसतिगृहापासून पुढच्या गोष्टी मागता येतात. असा कागद याआधी या लोकांकडं जवळजवळ नव्हताच.

आता एक साधी गोष्ट विचारा. ओळखपत्र लागतं कधी?

आपल्या गावात कुणालाच लागत नाही. ग्रामसेवकाला, रेशन दुकानदाराला, शाळेच्या मास्तरांना, सगळ्यांना माहीत असतं की ही कुणाची सून आणि तो कुणाचा पोरगा. ओळखपत्र लागतं ते अनोळखी ठिकाणी. कोल्हापूर-सांगलीकडच्या नाहीतर बेळगावकडच्या एखाद्या कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या खोपीत राहताना रात्री लेकराला ताप आला तर तिथल्या दवाखान्यात लागतं. रेशन घ्यायला लागतं. पोलीस चौकीत ‘कुठले तुम्ही’ विचारलं की लागतं. म्हणजे जिथं ओळखीची शंकाच नाही तिथून कार्ड दिलं जातंय, आणि जिथं गरज आहे तिथल्या कुणावर ते कार्ड बघायचं, मानायचं बंधन आहे का, हा प्रश्न आपण विचारतच नाही.

आमच्या गावातल्या एका काकूंना मी सहज विचारलं होतं, कार्ड कुठंय. त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक आणि हे कार्ड, सगळं एका कॅरीबॅगमध्ये गुंडाळून साडीखाली ठेवलेलं. “तिकडं खोपीत नेलं तर भिजतंय, हरवतंय. आलो की हाय की इथं.” म्हणजे कार्ड वर्षभर पेटीत सुरक्षित आणि माणूस सहा महिने तिकडं बिनकार्डाचा. आपल्या ज्युनिअरच्या प्रश्नावलीत या काकू ‘कार्ड मिळालं: होय, समाधानी: होय’ अशा नोंदल्या गेल्या असत्या. खोटं काहीच नाही त्यात. फक्त अभ्यासाला जे शोधायचं होतं ते त्यात कुठंच नाही.

त्याच्या संदर्भ साहित्याच्या आढाव्यात न्यूयॉर्कवर दोन पानं होती. ती कशाला आहेत हे त्यालाही नीट सांगता येईना. मला मात्र ती दोन पानंच कामाची वाटली, म्हणून जरा थांबते तिथं.

बाहेरून आलेल्या, प्रसंगी कागदपत्रं नसलेल्या माणसाला शहरानंच स्वतःचं ओळखपत्र द्यायचं, ही कल्पना अमेरिकेत पहिल्यांदा न्यू हेवन या छोट्या शहरानं २००७ मध्ये राबवली. न्यूयॉर्कनं २०१४ मध्ये कायदा केला आणि जानेवारी २०१५ पासून ‘आयडीएनवायसी’ नावाचं कार्ड सुरू केलं. अर्जदाराला व्हिसा विचारत नाहीत, नागरिकत्व विचारत नाहीत. दोनच गोष्टी बघतात: तू कोण आहेस, आणि तू या शहरात राहतोस का. त्यासाठी गुणांची पद्धत आहे. एकूण चार गुण लागतात. किमान तीन ओळखीचे आणि किमान एक रहिवासाचा. स्वतःच्या देशाचा यंत्रावर वाचता येणारा पासपोर्ट असेल तर ओळखीचे तीन गुण एका झटक्यात मिळतात, नसेल तर लहान कागद जोडून जोडून गुण भरायचे. घर नसलेल्यांसाठी निवारा केंद्राचं पत्र चालतं.

फरक दिसला? तिथं कार्ड देणारी संस्था आणि कार्ड बघणारी संस्था एकाच शहरात आहे. माणूस जिथं परका आहे तिथलंच शासन म्हणतंय, ‘हा आमच्यात राहतो’. आपल्याकडं उलट. माणूस जिथला आहे तिथलं शासन म्हणतंय, ‘हा आमच्याकडून जातो’. दोन्हीला आपण ‘स्थलांतरितांचं ओळखपत्र’ म्हणतो आणि एकाच तक्त्यात शेजारी शेजारी मांडतो. तुलना करायचीच तर पहिला रकाना हा पाहिजे: कार्ड कुठल्या टोकाला दिलं आणि कुठल्या टोकाला वापरायचं.

न्यूयॉर्कचं कौतुक करून सोडून द्यावं असंही नाही. तिथंही नियामकांनी हिरवा कंदील दाखवून झाल्यावर बऱ्याच मोठ्या बँकांनी खातं उघडायला हे कार्ड मुख्य पुरावा म्हणून घेतलं नाही. काही छोट्या बँका आणि पतसंस्थांनी घेतलं. कार्ड खरं, शहर खरं, शिक्का खरा, तरी काउंटरवरचा माणूस ‘दुसरं काही आहे का’ म्हणू शकतो. शहरानं २०१६ मध्ये एक मूल्यमापन करून घेतलं. त्यातला गाजलेला आकडा म्हणजे, सर्वेक्षणातल्या स्थलांतरितांपैकी ७७ टक्के लोक म्हणाले की कार्डामुळं आपण या शहराचे आहोत ही भावना वाढली. आकडा छान आहे, पण प्रश्न विचारला होता कार्डधारकांना. जो रांगेतून परत गेला, ज्याचे तीनच गुण भरले, जो सरकारी इमारत बघूनच घाबरला, तो या ७७ टक्क्यांच्या छेदात नाही. ज्याला मिळालं त्यालाच ‘कसं वाटलं’ विचारायचं, ही चूक न्यूयॉर्क करू शकतं तर आपला दहा गावांचा अभ्यास करणारच. म्हणून सांगते, सरासरीच्या आत बघायची सवय लावा. आपल्याकडचं उदाहरण घ्या. २०१९ च्या ‘स्टेट ऑफ आधार’ अहवालात देशातल्या ९५ टक्के प्रौढांकडं आधार असल्याचं आलं. त्याच अहवालात बेघरांपैकी ३० टक्क्यांकडं ते नव्हतं. ज्याला पत्ता नाही त्याच्याकडंच कागद नाही, आणि एकूण आकड्यात तो दिसतही नाही.

न्यूयॉर्कची आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. अर्जासोबत आलेल्या कागदांच्या प्रती शहराकडं साठल्या होत्या. २०१६ च्या निवडणुकीनंतर भीती निर्माण झाली की ही यादी उद्या हद्दपारीसाठी वापरली तर? शहरानं प्रती नष्ट करायचं ठरवलं, दोन लोकप्रतिनिधी कोर्टात गेले, आणि २०१७ मध्ये न्यायालयानं नष्ट करायला परवानगी दिली. आपल्याकडं हद्दपारीचा विषय नाही. पण उचल घेऊन काम अर्धं टाकून आलेल्या जोडप्याला मुकादम कसा शोधत फिरतो हे मराठवाड्यात कुणाला सांगायची गरज नाही. नाव, गाव, मोबाईल नंबर असलेली कामगारांची यादी कुणाच्या हातात जाते हा प्रश्न तुमच्या नैतिकता समितीच्या अर्जात आलाच पाहिजे. आणि तुमची स्वतःची प्रश्नावलीसुद्धा एक यादीच आहे, हे विसरू नका.

आता तीन वर्षांची अट. वरवर बघितलं तर रास्त वाटते, खरे कामगार तेवढे यावेत म्हणून. पण तीन वर्षं काम केलं याचा पुरावा कामगाराकडं असतो कुठं? उचल मुकादम देतो, करार त्याच्याशी. कारखान्याचा करार मुकादमाशी किंवा वाहनमालकाशी. वजनाची पावती गाडीच्या नावानं. कामगाराचं नाव कुठल्याच कागदावर नाही, आणि त्याला कागद मिळावा म्हणूनच तर ही योजना आहे. शेवटी पुरावा म्हणजे मुकादमाचा शब्द आणि ग्रामसेवकाची माहिती. बरं, नव्या माणसाचं काय? नवीन लग्न झालेलं जोडपं पहिल्यांदा फडावर जातं, त्याला तिथलं काहीच माहीत नसतं, उचलीचा हिशोब कळत नसतो, कार्डाची गरज त्यालाच जास्त. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती ते आठवा. तसल्या दुष्काळात जे शेतकरी पहिल्यांदाच कोयता हातात घेतात ते तीन वर्षांच्या चाळणीतून अलगद खाली पडतील. म्हणजे संकटाच्या वर्षी कामगार वाढतील आणि यादी तशीच राहील. यादीवरून कुणी आलेख काढला तर निष्कर्ष निघेल की दुष्काळाचा ऊसतोडीवर परिणाम झाला नाही! नोंदणीची अट तुमच्या निष्कर्षात अशी गुपचूप शिरते.

यादी अपुरी असणं हे काही या एका योजनेचं दुखणं नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ६४ व्या फेरीत (२००७-०८) अल्पकालीन स्थलांतरित कोण, तर कामासाठी मागच्या ३६५ दिवसांत एक महिना किंवा जास्त पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेला माणूस. ऊसतोडीचा हंगाम मोजा बरं. दिवाळीच्या सुमारास निघाले, पाडव्याला नाहीतर त्याच्याही नंतर परतले. एखाद्या वर्षी ऊस जास्त असला की पट्टा लांबतो. पाच महिने वीस दिवस राहिला तर तो मोजला जाईल, सहा महिने ओलांडले तर व्याख्येबाहेर. आणि सर्वेक्षक जानेवारीत गावात आला तर घराला कुलूप. कुलूप लागलेल्या घराच्या जागी दुसरं घर घेतलं जातं, आणि ते दुसरं घर साहजिकच न गेलेल्या माणसांचं असतं.

कायद्यातही अशीच एक रेघ आहे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदारानं प्रत्येक कामगाराला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं होतं. त्यात कामाचं ठिकाण, मुदत, मजुरीचा दर, परतीचं भाडं, कपाती, सगळं लिहायचं. वाचताना वाटतं, अरे हेच तर पाहिजे होतं! पण कायदा लागू होतो राज्याची सीमा ओलांडली तर. मुखेडचं जोडपं बेळगाव जिल्ह्यात गेलं तर कायद्यानं स्थलांतरित, आणि कोल्हापूर जिल्ह्यात तेवढंच लांब जाऊन तसाच ऊस तोडला तर नाही. हा कायदा आता नव्या कामगार संहितेत विलीन झालाय, ‘आंतरराज्य’ शब्द तिथंही आहेच. प्रत्यक्षात ऊसतोड कामगाराच्या हातात असं पासबुक मी तरी अजून पाहिलेलं नाही.

पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि त्यासाठी फडावरचा एक शब्द समजून घ्यावा लागेल. तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस गेला तर अर्धा कोयता. उचल कोयत्यावर, हिशोब कोयत्यावर, खाडा कोयत्यावर. पहाटे चारला उठून भाकरी करून, दिवसभर नवऱ्यानं तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधून डोक्यावरनं गाडीत भरणारी बाई ही हिशोबात अर्धा कोयता आहे, तिचं नाव कुठंच नाही. आता ग्रामसेवक घरी आला आणि विचारलं ‘ऊसतोडीला कोण जातं’, तर उत्तर काय येईल? बहुतेक घरांत नवऱ्याचं नाव. कार्ड माणशी द्यायचं आहे, पण लोक उत्तर देतात कोयत्याच्या भाषेत. बाईला वेगळी मोजली तर काय दिसतं ते २०१९ मध्ये कळलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या चौकशीत बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. इतकी वर्षं कोयते मोजून हे कधी दिसलं नव्हतं. बायकांना एकेक करून विचारलं तेव्हा दिसलं.

मग हरवलेली माणसं मोजायची कशी? इथं माझे मासे कामाला आले.

एम.एस्सी.ला आम्हाला शिकवतात, तळ्यात किती मासे आहेत हे सगळे न पकडता कसं काढायचं. एकदा जाळं टाका, पकडलेल्यांना खूण करून सोडून द्या. पुन्हा जाळं टाका. दुसऱ्या खेपेत खुणेचे किती आले त्यावरून एकूण संख्या. पहिल्या खेपेतले गुणिले दुसऱ्या खेपेतले, भागिले दोन्हीत आलेले. बस्स. हेच माणसांच्या याद्यांना लावता येतं. आणि ही पद्धत जन्म-मृत्यूच्या नोंदी तपासायला वापरणारा प्रसिद्ध शोधनिबंध आपल्याकडचाच आहे. कलकत्त्याच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेतले सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकेचे डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांचा, १९४९ चा, बंगालमधल्या सिंगूर आरोग्य केंद्राच्या माहितीवर. पेटच्या तयारीत डेमिंग हे नाव फक्त ‘गुणवत्ता व्यवस्थापन’ म्हणून पाठ करतात. हा निबंध वाचा, गणित फार नाही.

समजा (आकडे माझ्या मनाचे आहेत, नुसतं गणित दाखवायला) एका गावची ग्रामसेवकाची यादी आहे १२० जणांची. कारखान्याच्या तळावर जाऊन त्याच गावच्या माणसांची तुम्ही वेगळी यादी केली, १०० जणांची. दोन्हीत असलेले ७८. तर एकूण अंदाज १२० × १०० ÷ ७८, म्हणजे साधारण १५४. दोन्ही याद्या मिळून वेगवेगळी माणसं १४२ होतात. म्हणजे दोन्हीत नसलेले फक्त १२. वाटलं, चला, काम बरं चाललंय.

आता तेच आकडे बाया आणि पुरुष असे वेगळे करा. पुरुष: पहिल्या यादीत ९०, दुसरीत ८०, दोन्हीत ७२. अंदाज १००. बाया: पहिल्या यादीत ३०, दुसरीत २०, दोन्हीत ६. अंदाज ३० × २० ÷ ६, म्हणजे १००. बेरीज २००. त्याच याद्या, तीच माणसं, आणि सुटलेले १२ नाहीत, ५८ आहेत. त्यातल्या ५६ बाया.

असं का झालं? पद्धतीचं गृहीतक असं की एका यादीत येणं आणि दुसऱ्या यादीत येणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण जी बाई गावात नवऱ्याच्या नावाखाली झाकली जाते ती तळावरही त्याच कारणानं झाकली जाते. माशांचंही असंच, जो जाळ्याला हुशार तो दोन्ही वेळेस निसटतो. चंद्रशेखरन आणि डेमिंगचा उपाय हाच: एकसारख्या माणसांचे गट पाडा, गटागटानं अंदाज काढा, मग बेरीज. आपल्याकडं गट कुठले, तर बाया-पुरुष, पहिल्या वर्षीचे-जुने, पूर्ण कोयता-अर्धा कोयता. हे गट सांख्यिकीच्या पुस्तकात मिळणार नाहीत, ते फडावर गेल्यावरच कळतात.

एक इशारा. दोन याद्यांतलं नाव तेच आहे का हे ठरवणं महाकठीण काम आहे. आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं, टोळीत हाक मारायचं तिसरं. माहेरचं नाव, सासरचं नाव, महादेवी की महादाबाई. जुळणारी माणसं तुम्ही जुळवली नाहीत तर छेद लहान होतो आणि एकूण संख्या फुगते. मग कुणीतरी उठून म्हणेल, संशोधकानं कामगार वाढवून दाखवले. म्हणून नुसतं नाव नको. गाव, वय, जोडीदाराचं नाव, मुकादम, एवढं तरी सोबत घ्या, आणि जुळणीचे नियम आकडे बघायच्या आधी लिहून ठेवा.

मूल्यमापनाचा दुसरा भाग, कार्ड चालतं का, हा तर गावात बसून होणारच नाही. ‘एक देश एक रेशनकार्ड’ घ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण अशा जोड्यांपासून सुरू झालं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना ते लागू करायची मुदत घालून दिली. नियमाप्रमाणे फडावरच्या माणसानं आपल्या वाट्याचं धान्य तिथल्या दुकानात उचलायचं आणि घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी उरलेलं गावात. उत्तम. पण तळापासून रेशन दुकान किती लांब आहे, ते कुठल्या वेळेला उघडं असतं, आणि कोयत्यानं झिजलेल्या बोटाचा ठसा मशीनला लागतो का, हे तिथं उभं राहूनच कळेल. ई-श्रमचंही तेच. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालं, पुढं देशात ३० कोटींच्या वर नोंदी झाल्या. त्या नोंदीचा नंबर घेऊन कुठल्या खिडकीवर काय मिळालं, हे विचारणारा अभ्यास नोंदी मोजणाऱ्या अभ्यासापेक्षा शंभरपट अवघड आहे. म्हणून कुणी करत नाही. मुलांसाठीचं शिक्षण हमी पत्रक असंच गावच्या शाळेनं देऊन फडाजवळच्या शाळेनं मानायचं असतं. त्याचीही तपासणी त्याच खेपेत होऊन जाईल.

ज्युनिअरला मी उद्दिष्टं अशी बदलायला सांगितली. ‘किती जणांना मिळालं’ काढून टाक. त्याऐवजी, एका हंगामात ओळख दाखवायची वेळ कुठं कुठं आली, तेव्हा काय दाखवलं, काय झालं. कार्ड जवळ होतं की गावी. नवऱ्याला वेगळं विचार, बायकोला वेगळं विचार, आणि बायकोला विचारायला मुलगी सोबत ने. गावं दहाऐवजी तीनच घे, पण त्या गावांच्या टोळ्या जातील तिथं मागं जा. दवाखान्यातल्या नर्सबाईंना, रेशनवाल्याला, चौकीतल्या हवालदारालाही विचार की असं कार्ड कधी बघितलंय का. मला वाटतं सगळ्यात महत्त्वाची माहिती तिथून येईल.

तो म्हणाला, “ताई, गाईड म्हणतात बेळगावला जायचा खर्च कोण देणार.”

खर्चाचं उत्तर माझ्याकडं नाही. फेलोशिप वेळेवर येत नाही हे मला काही नवीन नाही. पण तीनपैकी एका गावच्या टोळ्या लातूर जिल्ह्यातल्याच कारखान्यांना जातात असं त्यानं चौकशी करून काढलंय. एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. पहिला हंगाम तिथं करायचा, असं ठरलंय. प्रश्नावलीतला पहिला प्रश्न आता ‘आपले नाव’ असा नाही. ‘तुमच्या टोळीत किती बाया आहेत’ असा आहे.